श्रावणातली अंडी: धुवायची, पुसायची की तशीच ठेवायची?

डिचोली तालुक्यातल्या एका गृहिणीचं पत्र आहे. परसात बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. काही गावठी, बाकीच्या सुधारित जातीच्या. रोजची सहा-सात अंडी मिळतात. सासूबाई ती न धुता तांदळाच्या पिंपात पुरून ठेवतात. विष्ठा लागलेली अंडी तांदळात गेलेली सुनेला बघवत नाहीत. म्हणून ती हाती लागतील तेवढी अंडी विहिरीच्या पाण्याच्या टपात भांड्यांच्या साबणाबरोबर भिजवते, घासते, टोपलीत निथळवते आणि फ्रिजच्या दारात लावते. गेल्या श्रावणात घरात कोणी अंडी खात नव्हतं, दोघींचेही साठे वाढत गेले. चवथीनंतर फोडायला घेतली तर दोन्हीकडची बरीच अंडी नासलेली निघाली, पिंपातल्या काहींत रक्ताच्या रेषाही दिसल्या. नैवेद्याचं दूध असतं त्या फ्रिजमध्ये श्रावणात अंडी नकोत, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. शिवाय त्या चार वर्षांच्या नातवाला ताकदीसाठी दुधात कच्चं अंडं घालून देतात, त्याचीही पत्रलेखिकेला धास्ती वाटते. प्रश्न असा: "आमच्या दोघींत बरोबर कोण, आणि यंदा श्रावण लागायच्या आत मी काय करू?"

ताई,

दोघींचीही अंडी नासली, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे धुण्या-न धुण्यावरून वाद घालण्यात अर्थ उरत नाही. अंडं नासतं ते ओलाव्यामुळे, उष्णतेमुळे आणि कवचावरच्या घाणीमुळे. तुमच्या पद्धतीत घाण जाते, पण ओलावा येतो. सासूबाईंच्या पद्धतीत ओलावा टळतो, पण उष्णता आणि घाण राहते. त्यांची रीत ज्या काळात रुळली तेव्हा घरात चार-पाच गावठी कोंबड्या असायच्या, दिवसाला दोन-तीन अंडी मिळायची आणि आठवड्याच्या आत ती संपायची. तेवढ्या दिवसांना तांदूळ पुरतो: अंडी गडगडत नाहीत, एकमेकांवर आपटत नाहीत, कोरडी राहतात. तांदूळ अंडं थंड मात्र करत नाही. महिनाभराचा साठा त्यांच्या पद्धतीत कधी बसवलेलाच नव्हता. त्यामुळे त्यांना चूक ठरवण्याआधी इतकं लक्षात घ्या की त्यांच्यापुढची अडचण नवी आहे.

आता तुमच्या मनातली एक समजूत जरा तपासून पाहू. डाग गेला की अंडं स्वच्छ झालं, असं तुम्ही धरून चालला आहात. नुकतंच घातलेलं अंडं कधी हातात आलं तर उजेडात धरून बघा. पहिला मिनिटभर ते ओलं, चकचकीत दिसतं. मग बघता बघता ती चमक जाते आणि कवच पिठूळ, मंद होतं. तो जो थर वाळतो तो प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. कवचाला सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं असतात आणि हा पापुद्रा त्यांची तोंडं बुजवतो. तुम्ही घासणीने घासलेलं अंडं पुन्हा गुळगुळीत, चमकदार दिसतं ना? ती चमक म्हणजे पापुद्रा गेल्याची खूण. डागाबरोबर दारही निघालं.

टपात नेमकं काय झालं तेही समजून घ्या, कारण हीच चूक खूप घरांत होते. अंडं बाहेर पडतं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं, ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. थंड होताना आतला बलक-पांढरा आकसतो आणि बोथट टोकाला हवेची पोकळी तयार होते. ती हवा छिद्रांतूनच आत ओढली जाते. अशा वेळी अंडं गार पाण्यात बुडालेलं असेल तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं आणि पाण्यात जे असेल ते त्याच्यासोबत जातं. पहिलं विष्ठेचं अंडं टपात गेलं की पुढच्या सगळ्या अंड्यांची अंघोळ त्याच पाण्यात. साबण हे थांबवत नाही. उलट छिद्रांतून त्याचा वास आत जातो.

आणि विहीर. तुमच्या भागातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात बरेचदा लोह असतं. बादलीला तांबूस थर चढतो, पांढरे कपडे पिवळट होतात, ते याचंच. अंड्याच्या पांढऱ्यात लोहाला घट्ट बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं. लोह मिळालं नाही की जिवाणू वाढत नाहीत, ही अंड्याची स्वतःची संरक्षणाची सोय. लोहाचं पाणी आत शिरलं की ती सोयच निकामी होते. म्हणून अमेरिकेत, जिथे विक्रीची अंडी धुतली जातात, तिथे दहा लाख भागांत दोनपेक्षा जास्त लोह असलेलं पाणी अंडी धुवायला वापरू देत नाहीत. तुमच्या विहिरीच्या पाण्याने अशी खूण सोडली असेल तर अंड्यांसाठी नळाचंच पाणी घ्या.

पिंपातल्या अंड्यांतल्या रक्ताच्या रेषांचं कारण तुमचा कोंबडा. फलित अंड्यातला गर्भ साधारण २१ अंशांच्या खाली निपचित राहतो. २७ च्या वर गेलं की वाढ हळूहळू, वेडीवाकडी सुरू होते, मग थांबते, गर्भ मरतो आणि अंडं आतून कुजतं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे दुपारी २८-२९ अंश असतात, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. पिंपातलं अंडं म्हणजे अर्धवट उबवलेलं अंडं. खायची अंडी साठवायची असतील तर कोंबडा वेगळा बांधा. पण तो आज वेगळा केला म्हणजे उद्यापासून अंडी अफलित होतील असं नाही, कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे श्रावणाच्या तीन आठवडे आधीच हे काम करायला हवं. कोंबडा वेगळा करणं जमणार नसेल तर अंडी त्याच दिवशी थंडाव्यात गेली पाहिजेत.

खरं काम मात्र खुराड्यात आहे, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. कोंबडीने स्वच्छ जागी घातलेलं, वेळेवर उचललेलं अंडं मळतच नाही. तीन घरट्यांच्या पेट्या ठेवा, चार कोंबड्यांमागे एक या हिशेबाने. प्रत्येक पेटी आतून ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३५ उंच, जमिनीपासून हात-दीड हात वर, अंधाऱ्या कोपऱ्यात. पेटीचं छप्पर उतरतं असू द्या, सपाट असलं तर कोंबड्या वर बसून घाण करतात. झोपायचा दांडा पेट्यांपेक्षा उंच हवा. कोंबडीला रात्री सर्वांत उंच जागा लागते. दांडा खाली आणि पेटी वर असेल तर ती पेटीत झोपते आणि रात्रभराची विष्ठा सकाळच्या अंड्याला लागते. दहा घरांत मळक्या अंड्यांची तक्रार असेल तर त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा दांडाच खाली असतो. आजच जाऊन बघा.

पेटीत ८ ते १० सेंटिमीटर जाडीचं भाताचं तूस किंवा सुताराकडचा रंध्याचा भुसा घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो धुळीचा असतो आणि ओल्या कवचाला चिकटतो. पेंढा उन्हाळ्यात चालतो, पण मिरगानंतर नाही. दमट हवेत त्याला चार दिवसांत बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसालाही वाईट. पावसाळ्यात तूस आठवड्याला पूर्ण बदला आणि ओलं दिसलं तर त्याच दिवशी. पायांचा चिखल हा दुसरा शत्रू. खुराड्याच्या दारासमोर दोन पावलं खडी पसरा, वर झापाचा आडोसा करा, आत शिरताना कोंबडी खडीवरून चालून आली पाहिजे. बहुतेक कोंबड्या सकाळी अकराच्या आत घालतात. दहा-साडेदहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा अशी दोन वेळा अंडी उचला. दिवसातून एकदाच, संध्याकाळी, उचलण्याची सवय असेल तर सकाळचं अंडं तोवर तीन कोंबड्यांच्या पायांखालून गेलेलं असतं.

कवच पातळ असेल तर हे सगळं करूनही अंडी तडकतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तिच्यासाठी सावली आणि गार पाणी हवंच, शिवाय चुन्याचा पुरवठा हवा. तो आपल्या घरात फुकट मिळतो. तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवची उकळून, उन्हात कडक वाळवून, दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे होतील इतपत कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका, कोंबडी गरजेपुरतं स्वतःच टिपते. पीठ करू नका, तुकडे रात्रभर पोटात हळूहळू विरघळतात आणि कवच रात्रीच बनतं. श्रावणात तुमच्याकडे तिसऱ्या शिजणार नाहीत, म्हणून कवची आत्ताच जमवून ठेवा.

आता धुणं. उचलतानाच अंड्यांचे तीन भाग करा. स्वच्छ अंड्याला हातही लावायचा नाही, तसंच ठेवायचं. एखादा वाळलेला ठिपका असेल तर कोरड्या, बारीक सँडपेपरने (२२० नंबरचा) किंवा घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने फक्त तेवढ्या ठिकाणी हलकं घासायचं. ओल्या फडक्याने पुसू नका. तेच फडकं दहा अंड्यांना फिरवणं म्हणजे एकाची घाण दहा जणांना वाटणं. तिसरा भाग चांगलाच मळलेल्यांचा. तेवढीच धुवायची आणि ती साठ्यात न जाता त्या आठवड्यात संपवायची. चौफेर विष्ठा माखलेलं किंवा तडकून आतलं गळणारं अंडं खताच्या खड्ड्यात टाका, एका अंड्याचा लोभ नको. नुसती चीर गेली आहे, आतलं पातळ आवरण शाबूत आहे, असं अंडं त्याच दिवशी पूर्ण शिजवून खाता येतं.

धुण्याची नेमकी रीत अशी. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, बाहेर न्हाणीत किंवा नळाशी. अंडी आधी दोन-तीन तास खोलीत ठेवून निववा. पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंश गरम हवं, म्हणजे ४० ते ४२ अंश. थर्मामीटर नसेल तर एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे नळाचं पाणी एकत्र करा, पावसाळ्यात ते बरोबर तिथे येतं. गरम पाण्यात अंड्याचा आतला भाग किंचित फुगतो आणि छिद्रांतून बाहेरच्या दिशेने दाब येतो, त्यामुळे घाण आत ओढली जात नाही. अंडी बुडवायची नाहीत. एकेक हातात धरून वरून पाणी ओतायचं, बोटांनी किंवा मऊ ब्रशने डाग काढायचा. एका अंड्याला अर्धं मिनिट पुरे. ५० अंशांच्या पुढे पाणी नको, कवच तडकतं. निर्जंतुक करायचं असेल तर सुगंध नसलेलं साधं ब्लीच (४-५ टक्क्यांचं) दोन लिटर तेवढ्याच गरम पाण्यात ५ मिली घाला, एक सपाट चहाचा चमचा, आणि ते वरून ओता. व्हिनेगर नको, ते कवचच खातं. भांड्यांचा साबण नको. मग स्वच्छ कापडावर सुटी सुटी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि वाळल्याबरोबर फ्रिजमध्ये. धुतलेलं अंडं बाहेर ठेवायचं नाही, अर्धा दिवससुद्धा नाही. हात साबणाने धुवा, हे सांगायला नको, पण कोंबड्यांशी खेळून आलेल्या मुलाचेही धुवा.

युरोपात दुकानांत न धुतलेली अंडी फ्रिजबाहेर मांडलेली असतात, ते बघून काही जण आपल्याकडेही तसं ठेवायचा सल्ला देतात. तिथली थंडी आपल्याकडे नाही. बाहेर ठेवलेलं अंडं एका दिवसात जितकं जुनं होतं तितकं व्हायला फ्रिजमध्ये साधारण आठवडा लागतो. माझं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत न धुतलेलं, अफलित अंडं आठवडाभर बाहेर ठेवा, पण एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत तीन-चार दिवसांच्या वर नको. फ्रिजमध्ये ४ अंशांना न धुतलेलं दीड ते दोन महिने छान राहतं, धुतलेलं तीन-चार आठवडे. त्यातही दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडझाप होताना तिथला थंडावा सतत वरखाली होतो. आतल्या खालच्या कप्प्यात, निमुळतं टोक खाली करून. तसं ठेवलं की बलक मध्ये राहतो आणि हवेच्या पोकळीला चिकटत नाही. तारीख शाळेच्या पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई आत झिरपते. फणस, कांदा, सुकी सुंगटां (कोळंबी) यांच्या शेजारी अंडी नकोत. वास छिद्रांतून आत जातो.

पावसाळ्यात एक गोष्ट काटेकोर पाळा: फ्रिजमध्ये गेलेलं अंडं वापरेपर्यंत फ्रिजमध्येच राहिलं पाहिजे. हवेत ८५-९० टक्के दमटपणा असताना थंड अंडं ओट्यावर ठेवलं की पाच मिनिटांत त्याला घाम फुटतो. त्या पाण्यातून कवचावरचे जिवाणू आत शिरतात. असं ओलं अंडं परत फ्रिजमध्ये टाकणं हे सर्वांत वाईट. हवी तेवढीच काढा आणि लगेच फोडा. वीज गेली तर दार उघडू नका, चार तासांपर्यंत काळजी नाही. त्याहून जास्त वेळ गेली आणि कवचं ओली दिसली तर ती अंडी वेगळी काढून दोन दिवसांत संपवा.

आता फ्रिजमधल्या सोवळ्याचा प्रश्न. तुम्ही तो अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नका, असं मला मनापासून वाटतं. न धुतलेली अंडी उघडी ठेवून त्याच कप्प्यात दूध ठेवणं स्वच्छतेच्या दृष्टीनेही चूकच आहे. अंड्यांच्या कवचावर साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जिवाणू) असू शकतो आणि दूध तर न शिजवता पोटात जातं. सासूबाईंची हरकत आणि आरोग्याचा नियम इथे एकाच ठिकाणी येतात. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला टिश्यू पेपरची घडी घाला, निवलेली कोरडी अंडी त्यात, घट्ट झाकण, आणि डबा सर्वांत खाली. नैवेद्याचं दूध, फुलं सर्वांत वर. तेही त्यांना रुचलं नाही तर शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायला मागा, बदल्यात डझनभर अंडी द्या. अशी देवाणघेवाण आपल्या गावांत नवी नाही.

पण डब्याआधी हिशेब करा. रोजची सहा-सात अंडी, श्रावण आणि पुढे चवथीपर्यंतचे चार-पाच दिवस, म्हणजे दोनशेवर अंडी, सात ट्रे. घरच्या फ्रिजमध्ये ती मावत नाहीत आणि मावली तरी ठेवण्यात शहाणपण नाही. सगळं साठवलंच पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरलंय. पहिल्या पंधरवड्याची अंडी ताजी असतानाच विका. रस ऑम्लेटचे गाडे, बेकऱ्या, आसपासचे होमस्टे यांना गावठी अंडी हवीच असतात. विकताना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: "धुतलेली नाहीत, फ्रिजमध्ये ठेवा." कोंबड्यांना औषध दिलं असेल तर पाकिटावर लिहिलेले अंडी न वापरण्याचे दिवस संपेपर्यंत ती ना विकायची, ना खायची. शेवटच्या पंधरवड्याची शंभरेक अंडी तेवढी चवथीनंतरसाठी फ्रिजमध्ये ठेवा.

उरलेली गोठवता येतात, आणि हा उपाय फार कमी लोक वापरतात. कवचासकट नाही, ते फुटतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून वास घ्या, मग मोठ्या भांड्यात घ्या. फेस न आणता काट्याने नुसतं मोडा, दर चार अंड्यांना चिमूटभर मीठ घाला, बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. घट्ट झाल्यावर चकत्या पिशवीत भरून तारीख घाला. पांढरा वेगळा गोठवला तर काहीच घालावं लागत नाही. नुसता बलक गोठवताना मात्र चार बलकांना चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ किंवा दीड चहाचा चमचा साखर लागते, नाहीतर तो डिंकासारखा घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. साखरेचा बलक डिसेंबरात बेबिंकेसाठी कामी येतो, शेजारीण खूश होईल. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, ओट्यावर वितळवायचं नाही, आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. एका मोठ्या अंड्याचे तीन मोठे चमचे भरतात, गावठीचे दोन-सव्वादोन.

चुन्याच्या निवळीत अंडी बुडवून महिनोन्‌महिने ठेवण्याचा जुना उपाय कोणीतरी तुम्हाला सुचवेल. लिटरला ३० ग्रॅम चुना, त्यात न धुतलेली स्वच्छ अंडी. छिद्रं बुजतात हे खरं, पण आतल्या साल्मोनेलाला तो मारत नाही, आणि ही पद्धत थंड तळघरं असलेल्या देशांतली आहे. आपल्या उकाड्यात, त्यातही भिंतीला लावायच्या चुन्यात, अंडी ठेवू नका.

साठवलेलं अंडं तपासायचं ते वापरायच्या क्षणीच. पाण्यात आडवं बसलं तर ताजं, बोथट टोक वर उचललं तर दोन-तीन आठवड्यांचं, उभं राहिलं तर लवकर वापरा, तरंगलं तर टाका. ही परीक्षा वय सांगते, रोगजंतू सांगत नाही. ओलं केलेलं अंडं परत ठेवायचं नाही. कोरडी परीक्षा हवी तर पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, त्यावर अंडं धरा आणि अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलची टॉर्च लावा. पोकळी, चीर, रक्ताच्या रेषा, सगळं दिसतं. अंड्यात एखादाच रक्ताचा ठिपका असेल तर घाबरू नका, तो चमच्याने काढून अंडं शिजवून खाता येतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर ते फलित, टाकायचं. उकडायला मात्र आठ-दहा दिवसांची अंडीच घ्या. ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला चिकटून राहतं, आणि उकडलेलं अंडं फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकतं.

नातवाच्या दुधातल्या कच्च्या अंड्याबद्दल मात्र मधला मार्ग नाही. साल्मोनेला कधी कधी कवच बनण्याआधी कोंबडीच्या अंडाशयातच अंड्यात शिरलेला असतो. ते अंडं बाहेरून कितीही स्वच्छ असो, आत दोष असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलाला, गरोदर बाईला, वृद्धांना आणि आजारी माणसाला पांढरा आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवलेलंच द्यायचं. ताकद शिजवल्याने जात नाही. उलट शिजलेल्या पांढऱ्यातलं प्रथिन कच्च्यापेक्षा जास्त पचतं. हे सासूबाईंना भांडण म्हणून सांगू नका. अंडं बंद करायला सांगत नाही, फक्त दुधात घालायच्या आधी ते नीट शिजवायला सांगतेय, असं म्हणा. दुधात अंडं घोटून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवलं, वर जायफळ, तर मुलालाही आवडेल.

आणि त्यांचं कौशल्य घराच्या कामी लावा. कोणती कोंबडी कुठे घालते, कोणती खुडूक बसणार, हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळत असणार. दोन वेळा अंडी उचलणं आणि तूस बदलणं त्यांच्याकडे, पेन्सिल, डबा आणि हिशेब तुमच्याकडे. पिंपात अंडी ठेवायची त्यांची सवय मोडायची नसेल तर तांदळाऐवजी छोट्या मातीच्या मडक्यात कोरडं तूस घालून द्या, तीन दिवसांत लागतील तेवढीच अंडी. खायच्या तांदळात मात्र न धुतलेलं अंडं नकोच.

एखादी कोंबडी खुडूक बसली आणि तिच्याखाली अंडी घालायची असतील तर वरचे बरेच नियम उलटतात. ती अंडी धुवायची नाहीत, पुसायची नाहीत, फ्रिजमध्ये तर नाहीच. कोंबडा कळपात असू द्यायचा. घरातल्या सर्वांत गार जागी, निमुळतं टोक खाली करून, दिवसातून एकदा बाजू बदलत, सात दिवसांच्या आतली निवडायची. आपल्या उकाड्यात त्याहून जुनी अंडी क्वचितच उबतात. मात्र पिलं २१ दिवसांनी ऐन ओलीत बाहेर येतील, आणि ओल्या तुसात त्यांना रक्ती हगवण लगेच लागते. म्हणून खुराड्याची ओल आधी आवरता आली तरच यंदा तिला बसू द्या. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा. पिलांबद्दल शंका असेल तर जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.